लहान मुलांच्या संशोधनात पालकांची संमती: कोकणातल्या घरांत काय कळतं आणि काय निसटतं

लहान मुलांवरच्या वैद्यकीय संशोधनात संमती कोणाची, याचं नियमातलं उत्तर एका ओळीत संपतं: आईची किंवा वडिलांची. कोकणात ती ओळ घेऊन गेलं की अडचण दारातच उभी असते. बाप मुंबईला, नाहीतर आखातात, नाहीतर बोटीवर. आई काजूच्या फॅक्टरीत किंवा लावणीला. मुलाला घेऊन आरोग्य केंद्रात येते आजी. ताप कधी चढला, कुठलं औषध ओकून टाकलं, लसीचं कार्ड कुठल्या डब्यात आहे, हे सगळं तिलाच ठाऊक असतं. पण कोर्टाने तिला पालक नेमलेलं नसेल तर तिची सही चालत नाही. म्हणजे ज्याला मूल कळतं त्याला सहीचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे तो फोनवर.

हे लिहिणारे आम्ही संमती घेणाऱ्यांच्या बाजूचे. पालकांना कळत नाही, अशी तक्रार आमच्या बाजूने फार होते. कळलेलं नसताना सही कशी झाली, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मुलांच्या संशोधनासाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2017 ची आहेत. नव्या औषधांच्या चाचण्यांना 2019 चे नियम लागतात. धोका अगदी किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा होणार असेल तर एका पालकाची संमती सहसा पुरते. धोका त्याहून जास्त आणि मुलाला स्वतःला फायदा नाही, असा अभ्यास असेल तर दोघांची लागू शकते. दोन सह्यांचा अभ्यास कोकणात करायचा म्हणजे वेळापत्रक गणपती आणि शिमगा बघून आखायचं. चाकरमानी घरी असतो तेच दिवस. त्यातही गणपती घरात असताना कोणी बसून ऐकत नाही. विसर्जन झाल्यावर आणि परतीची गाडी सुटण्याआधी जे दोन-तीन दिवस मोकळे मिळतात ते धरायचे.

फोनचा उपयोग होतो, पण सहीच्या जागी नाही. आदल्या रात्री माहितीपत्रक वडिलांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचं, दुसऱ्या दिवशी आईसमोर फोन स्पीकरवर ठेवून तेच माहितीपत्रक दोघांना एकदमच सांगायचं. पलीकडून "हो हो, घ्या करून, मी कामावर आहे" असं आलं तर ती संमती समजायची नाही. वेळ बदलून मागायची. सही तो आल्यावर त्याच्या हाताने, त्याच दिवसाची तारीख घालून. इथे गडबड कशी होते ते तपासणीला येणारा माणूस पहिल्या नजरेत ओळखतो: आई, वडील आणि डॉक्टर, तिघांच्या सह्यांखाली तारीख एकाच अक्षरात, एकाच पेनाने. दुसरी नेहमीची चूक वेळेची. रक्ताच्या नळीवर सकाळचे 9.40 आणि संमतीपत्रावर 10.15. संमतीआधी अभ्यासासाठी काहीही करायचं नसतं, उपाशीपोटी बोलावणंसुद्धा. म्हणून तारखेसोबत वेळ लिहायची सवय लावावी.

माहितीपत्रक हा सगळ्यात दुबळा दुवा. औषधाच्या चाचणीचं पत्रक बारा-पंधरा पानांचं होतं, कारण ते इंग्रजीतून येतं आणि त्याचा निम्मा मजकूर कंपनीच्या वकिलासाठी असतो. मराठी प्रत अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडून मंजूर झालेली हवी, तिच्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवी. मध्येच दुरुस्ती झाली की जुन्या प्रती कपाटातून काढून टाकायच्या. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी जुन्याच प्रतीवर सही घेऊन मोकळं होतं. मंजूर मजकुरात तोंडी भर घालता येत नाही, विशेषतः "काही होत नाही हो" अशी. पण तोच मजकूर मालवणीत किंवा संगमेश्वरीत समजावून सांगायला कोणाची हरकत नसते, आणि सांगावाच.

घरी हे पत्रक वाचतं कोण? बहुतेक घरांत नववी-दहावीतली मोठी बहीण. ती मोठ्याने वाचते, आई भाकरी थापता थापता ऐकते, आजी मध्येच प्रश्न विचारते. त्यामुळे पत्रक त्या मुलीला न अडखळता वाचता येईल असं लिहावं. एका वाक्यात एकच गोष्ट. "सदर अभ्यासांतर्गत" वगैरे काढून टाकावं. मसुदा समितीकडे जाण्याआधी एखाद्या दहावीतल्या मुलीकडून वाचून घ्यावा. ती जिथे थांबते तिथे पेन्सिलीने खूण करायची, आणि ती वाक्यं मोडायची. रात्रभर तरी पत्रक घरी राहू द्यावं. ओपीडीच्या रांगेत हातात देऊन अर्ध्या तासात सही मागितली तर माणसं पत्रक नाही वाचत, समोरच्याचा चेहरा वाचतात.

आता कळतं काय. टोचणं किती वेळा, यायचं किती वेळा, एसटीचे पैसे मिळणार का, मजुरी बुडाली तर काय, हे पालकांना आमच्यापेक्षा लवकर कळतं. रक्ताच्या बाबतीत मात्र आकडा सांगून भागत नाही. "तीन मिली" ऐकून कोणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, आणि पोराचं बाटलीभर रक्त काढून विकतात ही अफवा गावात आधीच पोचलेली असते. आम्ही रिकामी नळी हातात देतो, जांभळ्या टोपणाची, करंगळीएवढी. तिच्यावरची रेघ दाखवतो: इथपर्यंत. मग चहाच्या चमच्यात पाणी ओततो. चमचा पाच मिलीचा, म्हणजे रक्त त्याहून कमी. मुलाच्या अंगात वजनाच्या दर किलोमागे साधारण 75 ते 80 मिली रक्त असतं. दहा किलोच्या मुलाच्या अंगात पाऊण लिटरच्या वर, त्यातले तीन मिली. एकदा एका आजीने नळी उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "ह्याच्यातला उरता ता खंय जाता?" पत्रकाच्या अकराव्या पानावरचा प्रश्न तिने पहिल्या पाच मिनिटांत काढला.

उरलेल्या रक्ताचा प्रश्न खरा आहे. माकडतापासारख्या आजारात नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जाऊ शकतो, आणि काही अभ्यासांत उरलेला भाग पुढच्या संशोधनासाठी वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात. त्यासाठी संमतीपत्रावर वेगळा रकाना असतो. सराव असा पडलाय की सगळे रकाने एका दमात भरायचे. प्रत्येक रकाना वाचून, थांबून, वेगळा विचारावा. मुख्य अभ्यासाला हो आणि साठवणुकीला नाही, असं उत्तर चालतं, हे आपण सांगितल्याशिवाय पालकांना सुचत नाही.

निसटतं ते दुसरीकडे. सगळ्यात मोठी गोची म्हणजे हा अभ्यास आहे, उपचार नव्हे, हेच मनात शिरत नाही. अमेरिकेतल्या पॉल अॅपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हा गैरसमज मांडला: माणूस सगळं ऐकून घेतो, सही करतो, तरी डॉक्टर जे करतात ते फक्त माझ्या भल्यासाठी निवडून करतात, असं धरून चालतो. तिथे दिसलं ते इथे वेगळं कशाला असेल? "डॉक्टर सांगतीत तसा. आमका काय कळता?" हे वाक्य विश्वासाचं आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण उपचार करणारा आणि अभ्यास करणारा डॉक्टर एकच असेल तर या विश्वासावर सही घेणं फार सोपं होतं. शक्य असेल तिथे संमतीचं बोलणं दुसऱ्या प्रशिक्षित माणसाने करावं, आणि डॉक्टरने खुर्चीवरून उठून प्रश्नांपुरतं यावं. बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगावं: तुमच्या मुलाला लागणारे उपचार अभ्यासात नसलात तरी मिळतील. हे पत्रकात सहाव्या-सातव्या पानावर असतं; तोंडी ते पहिलं यायला हवं.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे कुठल्या मुलाला काय मिळणार हे चिठ्ठीने, आता खरं तर कॉम्प्युटरने, ठरतं. इथे कोकणात एक खास फसगत आहे. सोपं करून सांगायच्या नादात नवीन कार्यकर्ता म्हणतो, "देवाला कौल लावतो ना, तसं." चुकूनही म्हणू नये. कौलात देव योग्य ते देतो असा भाव असतो. म्हणजे मुलाला जे मिळालं तेच त्याच्यासाठी योग्य होतं, असं पालक समजतात, आणि आपण नेमकं उलटं सांगायला निघालेले असतो. भिशीची चिठ्ठी चालते. भिशीत आधी कोणाचा नंबर लागला याचा त्याच्या गरजेशी किंवा पुण्याईशी संबंध नसतो, हे बायकांना पक्कं माहीत असतं.

चिठ्ठी का, हे सांगायला आम्ही महाडचं उदाहरण घेतो, कारण विंचू सगळ्यांना माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कोकणातच रुजवलं. पुढे विंचवाची प्रतिलस, म्हणजे विषावरचा उतारा, बाजारात आली तेव्हा प्रश्न पडला की प्राझोसिनसोबत ती दिल्याने रुग्ण लवकर सुधारतो का. महाडला झालेल्या त्या चाचणीत 70 रुग्ण होते, सहा महिन्यांवरची मुलंही घेता येत होती, आणि ती 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. प्राझोसिन दोन्ही गटांना मिळालं. प्रतिलस निम्म्यांना, चिठ्ठीने. हे सांगितलं की पालकांचा पहिला प्रश्न येतो: "मग उरलेल्यांना का नाही दिली?" हा प्रश्न आला की समजावं, बोलणं रुळावर आहे. उत्तर एवढंच की फायदा होतो की नाही हे तेव्हा ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकलीच नसती. त्या चाचणीत प्रतिलस मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले, हे नंतर कळलं.

विंचवाचं उदाहरण आणखी एका अडचणीकडे नेतं. रात्री घामाने भिजलेलं, ओकणारं, हातपाय गार पडलेलं मूल घेऊन आलेल्या आईला पंधरा पानं कशी कळणार? अशा अभ्यासांत नैतिकता समितीची आधीच परवानगी घेऊन संमती दोन टप्प्यांत घेता येते. उपचार लगेच सुरू. दोन-चार वाक्यांत अभ्यासाची गोष्ट, आणि मूल सावरल्यावर, आईने चहा घेतल्यावर, सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा ती नाही म्हणाली तर नाही. दुसरा टप्पा टाळण्याचा मोह मोठा असतो, कारण मूल बरं झालेलं असतं आणि घरचे सगळ्यालाच हो म्हणत असतात.

कळलं का, हा प्रश्न कधीच विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे: हो. आम्ही विचारतो, "घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, कसली सही करून आलीस, तर काय सांगशील?" या एका प्रश्नाला जे उत्तर येतं त्यात सगळं सापडतं. "तापाचं नवीन औषध फुकट देणार आहेत" असं आलं की अभ्यासाचा भाग पोचलेला नाही. "दोन औषधांतलं कुठलं बरं ते बघतायत, आमच्या बाबूला कुठलं मिळेल ते त्यांनाही माहीत नाही" असं आलं की पुढे जायचं. मग आणखी विचारायचं: मधेच नको वाटलं तर काय करशील? त्रास झाला तर कोणाला फोन करशील? जे चुकीचं आलं त्याच भागाकडे परत जायचं. पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणत बसलो तर ऐकणारा कंटाळतो आणि सुटका म्हणून हो म्हणतो. दुसऱ्यांदाही तोच भाग चुकला तर त्या दिवशी सही घेऊ नये.

धोका सांगताना टक्के वापरू नयेत. "शंभर मुलांना दिलं तर पाच मुलांना ताप येतो" हे कळतं. "पाच टक्के" ऐकून व्याजदर आठवतो.

वाचता न येणाऱ्या पालकांसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो संपूर्ण बोलणं होईपर्यंत बसलेला हवा. शेवटी बोलावून सही घेतलेला साक्षीदार काही कामाचा नाही. सोय म्हणून गावातल्या आशाताईंना, म्हणजे आशा स्वयंसेविकेला, बसवतात. पण तिनेच मूल शोधून आणलेलं असेल किंवा तिला अभ्यासातून मानधन असेल तर ती निःपक्ष कशी? सरपंच किंवा गावकरी बसवले तर उलटी पंचाईत: त्यांच्यासमोर नाही म्हणायची छाती कोणाची? पोस्टातला माणूस, शेजारच्या वाडीतली शिक्षिका, असं कोणीतरी, ज्याच्याशी त्या घराची देणीघेणी नाहीत.

नवीन रासायनिक घटकाच्या औषधाची चाचणी असेल तर असुरक्षित गटाच्या संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, आणि मुलं त्या गटात येतातच. (एचआयव्ही आणि कुष्ठरोगावरच्या औषधांच्या चाचण्यांना फक्त आवाज पुरतो.) कागदावर सोपं, जुलैत महाकठीण. पत्र्याच्या छपराखाली पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंगमध्ये पावसाशिवाय काही ऐकू येत नाही. स्लॅबची आतली खोली धरायची, कॅमेरा बॅटरीवरचा हवा, आणि सुरुवातीची दोन मिनिटं मुद्रित करून ऐकून बघायची. मुद्रणाची परवानगीही कॅमेऱ्यासमोर घ्यायची. कॅमेरा लागला की माणसं प्रश्न विचारायचं बंद करतात, म्हणून प्रश्नोत्तरं आदल्या भेटीत एकदा झालेली असावीत.

मुलाचं स्वतःचं काय? सात वर्षांखालच्या मुलाच्या होकाराची नोंद लागत नाही. सात ते बारा वयात पालकांसमोर तोंडी होकार घेऊन त्याची नोंद करायची. बारा ते अठरात लेखी, आणि त्या कागदावर पालकांचीही सही. आमचा अनुभव असा की दहा वर्षांचं मूल "दुखेल का" आणि "शाळा बुडेल का" हे दोनच प्रश्न विचारतं, आणि त्यांची खरी उत्तरं मिळाली तर बाकीचं बऱ्यापैकी समजून घेतं. "मुंगी चावल्यासारखं" म्हणू नये. पहिल्या सुईनंतर ते मूल आपलं काहीच ऐकणार नाही. आई डोळे वटारते तेव्हा आलेला होकार धरायचा नाही. थोडा वेळ सोडून पुन्हा विचारायचं. नियमाने मुलाचा नकार मानायचा असतो. ज्या उपचाराचा मुलाला थेट फायदा आहे आणि तो अभ्यासाबाहेर मिळतच नाही, एवढाच अपवाद.

शाळेत काम असेल तर जास्त जपावं. वर्गात "कोण कोण तयार आहे?" विचारलं की चाळीस हात एकदम वर जातात. 2009–10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मममध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याच्या प्रकल्पात आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्याचं उघड झालं, प्रकल्प थांबला, आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. मुख्याध्यापकाने पटांगण वापरायला परवानगी दिली म्हणजे मुलांची संमती मिळाली असं होत नाही. आश्रमशाळेतल्या मुलाच्या आईबापांपर्यंत जावंच लागतं, मग ते रायगडातल्या कातकरी वाडीवरून वीटभट्टीवर गेलेले का असेनात. दिवाळीनंतर त्या वाड्या रिकाम्या होतात. पुढच्या भेटी त्या महिन्यांत ठेवणारा अभ्यास आधीच चुकलेला असतो.

भरपाईचा भाग सगळे घाईने उरकतात. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे पत्रकात असतंच. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र 2019 च्या नियमांत आहे: आठ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले धोक्याचा घटक, भागिले 99.37. सोळा वर्षांपर्यंत वयाचा घटक 228.54, धोक्याचा घटक आजारपणानुसार 0.5 ते 4. निरोगी मुलासाठी ते जवळपास साडेत्र्याहत्तर लाखांवर जातं. हा आकडा आपणहून तोंडावर फेकू नये; तो ऐकून एक आई घाबरते आणि दुसऱ्या घरात कोणीतरी हिशेब मांडतो. विचारला तर मात्र लपवू नये, आणि वारसाचा रकाना रिकामा ठेवू नये. माहितीपत्रकाची आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत घरच्यांना द्यायची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावी, पावसाळ्यात उघडा कागद टिकत नाही.

एकदा घेतलेली संमती अभ्यास संपेपर्यंत पुरत नाही. नवीन धोका कळला, पत्रक बदललं, की पुन्हा. मूल अठराचं झालं की आईबापांची सही संपली, त्याची स्वतःची घ्यायची. तोवर तो मुंबईला कामाला लागलेला असतो, म्हणून नोंदणीच्या वेळीच मामाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर लिहून ठेवावा, घरच्यांना विचारून.

आणि बाहेर पडण्याचा हक्क. "कधीही बाहेर पडता येईल" हे सगळे ऐकतात, वापरत कोणी नाही. कोकणात नाही म्हणायची रीत नाही. फोन उचलत नाहीत, त्या दिवशी घर बंद असतं. सलग दोन भेटी चुकल्या तर घरी जाऊन मागे लागण्याऐवजी सरळ विचारावं, "नको वाटतंय का? चालेल." पत्रकावरचा संपर्क क्रमांक बऱ्याचदा मुंबईच्या ऑफिसातला असतो, संध्याकाळी सहाला बंद होणारा आणि इंग्रजीत बोलणारा. काम सुरू करण्याआधी तो नंबर अनोळखी मोबाइलवरून रविवारी रात्री आठला लावून पाहावा. मराठीत कोणी उत्तर दिलं नाही तर नंबर बदलून सुधारित पत्रक समितीकडे पाठवावं, आणि ते मंजूर होऊन येईपर्यंत पहिल्या घराचं दार वाजवू नये.